क्रियापदाचा मूड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज इंग्रजी व्याकरणावर बोलणार आहे हे ऐकून काहींचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. जरा थांबावं, ही विनंती. मी व्याकरणाचा पंडित नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहितो आणि संध्याकाळी लालबागमध्ये एका मंडळाच्या खोलीत सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. फी नाही, त्यामुळे मुलं प्रश्न विचारताना कचरत नाहीत.

मध्यंतरी एकाने विचारलं, "सर, माणसाला मूड असतो, क्रियापदाला कसा असेल?" त्याच्या गाइडमध्ये 'इंडिकेटिव्ह मूड, इम्परेटिव्ह मूड, सबजंक्टिव्ह मूड' अशी नावं होती आणि प्रत्येकाखाली दोन ओळींची व्याख्या. पाठ करून मुलगा बेजार झाला होता. खरं तर इंग्रजीत हे दोन 'मूड' वेगवेगळ्या घरांतले. 'आज मूड नाही' म्हणतो तो मूड इंग्रजीचा जुना, घरचा शब्द. व्याकरणातला मूड आला लॅटिनमधल्या 'मोडस'वरून, म्हणजे रीत, पद्धत. शेजारी राहून राहून तो पहिल्यासारखा दिसू लागला, इतकंच. पण पोराची गल्लत अगदीच वाया जाणारी नव्हती. बोलणारा त्या क्रियेकडे कसा बघतो, ती झाली म्हणून सांगतो, व्हावी म्हणून बजावतो, की झाली नाही म्हणून हळहळतो, हे क्रियापदाच्या रूपात उमटतं. त्याला मूड म्हणतात.

लोकलमधली चौथी सीट घ्या. 'तो बसला' ही बातमी. 'बस रे' हा हुकूम. 'म्हाताऱ्या माणसांनी बसावं' ही अपेक्षा. आणि दादरला लोंबकळत उभा असलेला माणूस म्हणतो, 'व्हीटीला चढलो असतो तर बसलो असतो.' क्रिया एकच, बसण्याची. पण चारांपैकी एकाच वाक्यात कुणीतरी खरोखर बसलेलं आहे. बाकीच्या तिन्हींत सीट अजून डोळ्यांसमोरच आहे. हे मी फळ्यावर लिहिलं, तेव्हा मुलं म्हणाली, "एवढंच?"

एवढंच. आणि याची नावं आपल्या मराठीच्या पुस्तकात आहेतच: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'क्रियापदाचे अर्थ' या मथळ्याखाली पिढ्यान् पिढ्या मुलं ती घोकत आली आहेत. स्वार्थ म्हटलं की वर्गात हमखास खसखस पिकते. स्वार्थी माणसाचा इथे काही संबंध नाही. स्व-अर्थ, क्रियापदाचा स्वतःचा सरळ अर्थ. पण एकाच मुलाच्या दप्तरात मराठीचं आणि इंग्रजीचं अशी दोन व्याकरणं असतात आणि ती दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मराठीचे सर वेगळे, इंग्रजीच्या बाई वेगळ्या, तास वेगळा. माझी सगळी तक्रार इथे आहे.

हे नातं काही मी लावलेलं नाही. १७९५ साली लिंडली मरे नावाच्या, मूळच्या अमेरिकन पण इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या गृहस्थाने तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. शाळेतल्या शिक्षिकांनी गळ घातली म्हणून लिहिलेलं ते पुस्तक पुढे इंग्रजी शिकवणाऱ्या अर्ध्या जगात पोचलं. त्यात मरेने पाच मूड दिले आहेत: इंडिकेटिव्ह, इम्परेटिव्ह, पोटेन्शियल, सबजंक्टिव्ह आणि इन्फिनिटिव्ह. यातला शेवटचा बाजूला ठेवा. उरलेले चार आपल्या स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ यांच्यासमोर उभे करा. जवळजवळ जोड्या लावल्यासारखे उभे राहतात.

आपल्याकडे हे काम केलं गिरगावातल्या खेतवाडीत १८१४ साली जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. १८३६ मध्ये त्यांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' निघालं, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं बावीस. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. खेतवाडी आता नंबरांच्या गल्ल्यांसाठी आणि उंच गणपतींसाठी ठाऊक आहे. तिथल्या कुठल्या गणपतीच्या देखाव्यात दादोबा आलेले मी तरी पाहिले नाहीत. त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांचं नशीब जरा बरं. १८६७ मध्ये त्यांनी प्रार्थना समाज स्थापला आणि त्या नावाने निदान बसचा कंडक्टर हाक देतो. दादोबांनंतर १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. हे दामले म्हणजे केशवसुतांचे सख्खे भाऊ. एका भावाने कवितेतली जुनी शिस्त वाकवली आणि दुसरा भाषेचे सांधे मोजत बसला. दोघांच्या घरी जेवताना काय गप्पा होत असतील, याचं मला फार कुतूहल आहे. असो.

आता आज्ञार्थाकडे वळू. तो सगळ्यांत सोपा म्हणून शिकवतात आणि मुलं सगळ्यांत जास्त पोळतात ती त्यानेच.

मराठीत बोलावण्याच्या किती परी आहेत पाहा. ये. या. यावं. येता का? याल का? मान क्रियापदातच विणलेला असतो. 'या' म्हटलं की पुढे 'कृपया' लागत नाही. त्या एका काना-मात्रेत पाट-पाणी सगळं आलं. उर्दूतही तेच. आ, आओ, आइए, आइएगा. कोकणातून आलेल्या आमच्या घरात बोली मराठीच्या अंगाची आणि आल्यागेल्याशी बोलताना उर्दूचा शिरस्ता, त्यामुळे दोन्हीकडच्या या पायऱ्या मी लहानपणीच चढलो. इंग्रजीत मात्र 'कम' एकच. कुत्र्यालाही कम, पाहुण्यालाही कम. म्हणून इंग्रज माणूस उद्धट असतो असं नाही. त्याने अदब क्रियापदात न ठेवता बाहेर ठेवली आहे. 'प्लीज' लावा, हुकूम मोडून प्रश्न करा, 'कुड यू', 'वुड यू', नाहीतर 'आय वंडर इफ' असं लांबून फिरून या. 'कुड' आणि 'वुड' ही खरं तर 'कॅन' आणि 'विल' यांची भूतकाळी रूपं. पण 'कुड यू वेट' मध्ये काल-परवाचं काही नाही. तो भूतकाळ म्हणजे एक पाऊल मागे सरून बोलणं आहे.

आमच्या वर्गातून गेलेला एक मुलगा मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका मॉलमधल्या दुकानात लागला. त्याचे आजोबा त्याच भागात साच्यावर काम करायचे. पंधरा दिवसांत त्याला घरी पाठवलं. कारण काय, तर गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलतो. हा मुलगा चाळीत कुणाला 'अहो काका', 'अहो मावशी' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी त्याला विचारलं, तू बोललास तरी काय? म्हणाला, "'वेट' म्हटलं सर. आणि 'गिव्ह कार्ड'." त्याच्या डोक्यात वाक्यं होती 'थांबा' आणि 'कार्ड द्या'. त्या दोन्ही क्रियापदांच्या शेवटी जो 'आ' आहे, त्यात त्याचा सगळा नम्रपणा होता. इंग्रजीत जाताना तो 'आ' गळून पडला आणि काउंटरपलीकडच्या बाईंच्या कानावर आदळला नुसता हुकूम. दुकानदाराला ते कळण्याचं कारण नव्हतं. पण दहा वर्षं इंग्रजी शिकवूनही मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण इम्परेटिव्ह मूडची व्याख्या त्याला तोंडपाठ होती आणि परीक्षेत तेवढ्याचेच गुण होते.

उलट्या दिशेचं उदाहरणही रोज रस्त्यावर दिसतं. आपल्या पाट्या पाहा. 'येथे थुंकू नये.' 'फुले तोडू नयेत.' 'दरवाज्यात उभे राहू नये.' यातलं एकही वाक्य आज्ञार्थी नाही. सगळा विध्यर्थाचा संसार. पाटी कुणा एकाला 'थुंकू नकोस' म्हणून दटावत नाही, एकूण माणसाने काय करू नये ते सांगते. त्याखालीच इंग्रजीत 'डू नॉट स्पिट' हा रोखठोक हुकूम. मुलांना मी असल्या पाट्या वहीत उतरवून आणायला सांगतो. लालबाग ते परळ स्टेशन एवढ्या रस्त्यात पानभर मिळतात. (लोक थुंकायचे ते थुंकतातच, पण तो व्याकरणाचा दोष नव्हे.)

विध्यर्थ हे फार भल्या स्वभावाचं प्रकरण आहे. 'मुलांनी खेळावं' यात कर्तव्य आहे, 'आज ऑफिस बंद असावं' यात अंदाज आहे, 'सगळ्यांना सुख मिळावं' यात इच्छा आहे. मराठीला एक 'वे' प्रत्यय पुरतो. इंग्रजीला यासाठी वेगवेगळे सहायक नेमावे लागतात: शुड, मस्ट, मे, माइट. म्हणून मुलाने 'असावं' दिसलं की सरसकट 'शुड' ठोकलं, तर 'ऑफिस बंद असलं पाहिजे' असा फतवा निघतो. आधी मराठीतच विचारायचं, हे 'असावं' कर्तव्याचं की अंदाजाचं? ते ठरलं की इंग्रजी आपसूक सुचतं.

रजेचा अर्ज तर सगळ्यांना लिहावा लागतो. 'रजा मंजूर व्हावी, ही विनंती.' तेच इंग्रजीत: 'आय रिक्वेस्ट दॅट माय लीव्ह बी ग्रँटेड.' मुलं अडतात ती 'बी' वर. 'इज' का नाही? कारण 'इज' म्हटलं तर रजा मंजूर झाल्याची बातमी होईल. ती तर अजून साहेबांच्या टेबलावर आहे. 'व्हावी' मधली जी धाकधूक आहे, ती या उघड्या 'बी' मध्ये आहे. गाइडमधला तो अवघड सबजंक्टिव्ह हाच, आणि आपले कारकून वर्षानुवर्षं तो न चुकता वापरत आले, नाव न कळता.

'ही, शी, इटच्या क्रियापदाला एस लागतो' हा नियम पाचवीपासून मुलांच्या अंगात मुरलेला असतो. एका मुलीने एकदा मला पेचात धरलं. "सर, 'गॉड ब्लेस यू' मध्ये एस का नाही? गॉड तर एकच आहे." खरंच आहे. 'गॉड ब्लेसेस यू' म्हटलं तर 'देव तुला आशीर्वाद देतो' अशी माहिती होते. 'गॉड ब्लेस यू' म्हणजे 'देव तुझं भलं करो'. आपण 'करतो'चा 'करो' केला, 'होतो'चा 'होवो' केला. इंग्रजीने एस काढून ठेवला. 'गॉड सेव्ह द किंग', 'लाँग लिव्ह' हे सगळे त्याच कुळातले. जुन्या इंग्रजीची इच्छारूपं, प्रार्थनेत आणि घोषणेत तेवढी टिकली आहेत. अरबीतली रीत आणखीच निराळी. गेलेल्या माणसाचं नाव घेताना आमच्यात 'रहिमहुल्लाह' म्हणतात. रूप पाहिलं तर चक्क भूतकाळ, 'अल्लाहने त्याच्यावर दया केली'. अर्थ मात्र 'दया करो'. मागणं इतकं मनापासून की ते मिळाल्यासारखंच बोलायचं. तीन भाषा, तीन युक्त्या. त्या मुलीला मी सांगितलं, एस हा खात्रीचा शिक्का आहे; आपण मागत असताना तो मारायचा नसतो.

आता राहिला संकेतार्थ. इथे गाइडमधलं ठरलेलं वाक्य असतं, 'इफ आय वेअर अ बर्ड'. मुलांना पहिला धक्का हा की 'आय' बरोबर 'वॉज' येतं, मग इथे 'वेअर' कसं? आणि दुसरा, पक्षी व्हायची गोष्ट तर आत्ताची, मग भूतकाळ कशाला?

यावर मी त्यांना चाळीत नेतो. खालून कुणी हाक मारली की वरून आपण काय ओरडतो? "आलो, आलो!" अजून चपलाही पायात नाहीत, पण 'आलो'. 'पाऊस पडला तर छत्री घे', यातला पाऊस उद्याचा आहे, तरी 'पडला'. म्हणजे भूतकाळाचं रूप दिसलं की गोष्ट कालचीच असते असं नाही, हे मराठी मुलाला जन्मापासून माहीत असतं. इंग्रजीत फक्त जागा वेगळी. उद्याच्या पावसाला इंग्रजी वर्तमानकाळ लावते, 'इफ इट रेन्स'; आणि जे नाहीच त्याला भूतकाळ, 'इफ आय वेअर'. 'वेअर'ची एक गंमत मुलांना आवडते. 'तो घरी असतो' आणि 'तो घरी असता तर' यांत मराठी फरक करते, पण 'मी घरी असतो' आणि 'मी घरी असतो तर' यांत रूप तेच राहतं. म्हणजे मराठी 'मी' पाशी ढिली पडते. 'वेअर' नेमकं 'आय' आणि 'ही-शी' यांच्यापाशी डोळ्यांत भरतं, आणि 'यू', 'वुई'पाशी नेहमीसारखंच असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. आजकाल बोलताना भले भले इंग्रज 'इफ आय वॉज' म्हणून मोकळे होतात. मुलाने तसं लिहिलं तर मी रागावत नाही, पण परीक्षेत 'वेअर' लिहायला सांगतो.

मी सातवीत होतो त्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अब्बा साच्यावर होते. परळ-लालबागचे भोंगे गप्प झाले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, असं आजही सांगतात. पुढे कित्येक वर्षं आमच्या चाळीच्या गॅलरीत जे बोलणं चाले, ते जवळजवळ सगळं संकेतार्थात होतं. 'संप दोन महिने आधी मिटला असता तर', 'गावची जमीन विकली नसती तर', 'पोराला तेव्हा आयटीआयला घातलं असतं तर'. वाक्याचा दुसरा अर्धा भाग बरेचदा कुणी म्हणतच नसे. इंग्रजीच्या तासाला बाईंनी 'इफ' समजावला, तेव्हा मला पक्षी डोळ्यांसमोर आणावा लागला नाही. गॅलरी आणली.

आणि त्याच गॅलरीतून आमची एक हमखास चूक इंग्रजीत शिरते. मराठीत 'मला कळलं असतं तर मी आलो असतो' या वाक्याचे दोन्ही पाय सारखे आहेत: असतं, असतो. म्हणून मुलगा इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' लावतो, 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम'. अगदी मोठमोठ्या साहेबांच्या तोंडी हे ऐकलं आहे. इंग्रजीचे दोन पाय वेगळे आहेत. 'इफ'च्या बाजूला 'हॅड', 'इफ आय हॅड नोन'. 'वुड' फक्त पलीकडे, जिथे परिणाम आहे तिथे. मी मुलांना सांगतो, अट आणि परिणाम यांची घरं इंग्रजीत वेगळी आहेत, एकाची चटई दुसऱ्याकडे अंथरू नका. हे कारण कळल्यावर चूक लवकर सुटते. नुसतं लाल शाईने खोडून सुटत नाही.

२००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. आम्ही पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली. आजच्या मुलांचे शब्द आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, उच्चारही बरे आहेत. अडतं ते इथेच, क्रियापदापाशी. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की सहावी-सातवीत इंग्रजी मूडचा धडा मराठीच्या पुस्तकातला 'क्रियापदाचे अर्थ' हा धडा शेजारी उघडून शिकवावा. नावं शेवटी द्यावीत, आधी वाक्यं. शिक्षकाला त्यात वेगळं काही शिकावं लागत नाही, शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याशी दहा मिनिटं बोलावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात मी मुलांना 'इफ'ची वाक्यं लिहून आणायला सांगितली. बहुतेकांनी हेलिकॉप्टर घेतलं, दोघांनी क्रिकेटच्या संघात जागा मिळवली. आठवीतल्या एकीने लिहिलं, 'इफ द लिफ्ट वेअर वर्किंग, माय ग्रँडमदर वुड कम डाउन.' त्यांची चाळ पाडून टॉवर झाला. खोली मिळाली सतराव्या मजल्यावर. आजीचं आयुष्य तळमजल्याच्या ओट्यावर गेलेलं, आणि महिनाभर लिफ्ट बंद. वाक्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. 'वेअर' जागेवर, 'वुड' जागेवर.

मी तिला तेच वाक्य आणखी दोन प्रकारे लिहायला लावलं. लिफ्ट चालू होण्याची आशा असेल तर 'इफ द लिफ्ट वर्क्स टुमॉरो, शी विल कम डाउन'. आणि खात्रीच असेल तर 'इफ' काढून 'व्हेन'. ती थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "सर, सोसायटीचे काका रोज सांगतात, 'लिफ्ट उद्या चालू होईल.' हा कुठला मूड?"

"रूप स्वार्थाचं आहे," मी म्हणालो, "साधा भविष्यकाळ."

मागच्या बाकावर खसखस पिकली.